विचारपूस करणारी संस्था

खुलताबाद तालुक्यात एखाद्या घरी बाळ जन्मलं की तिसऱ्या दिवशी आशाताई दारात येतात. सोबत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि एक फॉर्म. पुढच्या फेऱ्या सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. सगळ्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की ताईंना २५० रुपये मिळतात. २०११ पासून देशभर चालू असलेला हा परिपाठ दिल्लीच्या कुठल्या कचेरीत सुचलेला नाही. तो राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, गावातल्या बायकांच्या हातून घडला. त्या घडणीमागे ‘सर्च’ ही संस्था आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेऊन परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत सर्च सुरू केली. नावातच संशोधन होतं, पण संशोधन कुणाच्या प्रश्नावर, हे ठरायला वेळ लागला. सुरुवातीला त्यांनी सिकलसेलचा शोध घेतला. लोकांचं रक्त तपासलं, आजार सापडलाही. पण लोकांनी तो प्रश्न मांडलेलाच नव्हता. त्यांची दुखणी वेगळी होती. अभय बंग हा अनुभव स्वतःच सांगत आले आहेत, आणि संस्थेची पुढची वाट समजून घ्यायला तो बंगांच्या पुरस्कारांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

राणीताईंनी मग बायकांकडून ऐकायला सुरुवात केली. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग होता. आधी कधी अशी तपासणी झालेल्या मात्र शंभरात जेमतेम आठ. १९८९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोवर ग्रामीण बाईच्या आरोग्याचा सरकारी अर्थ बाळंतपण आणि नसबंदी एवढाच होता. या आकड्यांनी तो अर्थ मोडला. बायका बोलू लागल्या तशी नवऱ्याची दारूही बोलण्यात आली, आणि हा विषय काही डॉक्टरच्या टेबलावर सुटणारा नव्हता. गावोगावच्या चळवळीनंतर १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. विचारायला गेलं की असं होतं. उत्तर आपल्या खात्याचं निघेलच याची हमी नसते. बऱ्याच संस्था विचारायचं टाळतात त्याचं खरं कारण मला हेच वाटतं. पैशाची किंवा वेळेची अडचण ही पुष्कळदा सबब असते.

दवाखान्याचंही तसंच झालं. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, याची ठरलेली उत्तरं सगळ्यांकडे तयार होती: अडाणी आहेत, पुजाऱ्याकडे जातात. सर्चने खुद्द लोकांनाच विचारलं. मोठ्या इमारतीत भीती वाटते. तुमची माणसं पांढरे कपडे घालतात, आमच्यात पांढरं कापड मड्यावर घालतात. रुग्णाबरोबरच्या नातलगांना तुम्ही बाहेर काढता. आणि तुमच्या दवाखान्यात देव कुठे आहे? या कारणांत अडाणीपणा शोधून सापडणार नाही. म्हणून सर्चच्या आवारातला, म्हणजे शोधग्राममधला, दवाखाना आदिवासी पाड्यासारखा झोपड्या-झोपड्यांचा बांधला गेला. रुग्णाजवळ घरची माणसं राहू शकतात, आणि दवाखान्याला नाव दंतेश्वरी देवीचं आहे. वास्तुरचनाकाराला हे एकट्याने सुचलं नसतं.

पण केवळ ऐकून बाळं वाचत नाहीत. इथे मोजमाप हवं. लहान मुलांच्या न्यूमोनियात श्वास वेगाने चालतो, आणि तो मिनिटाला किती ते मोजावं लागतं. गावच्या दाईला एवढी मोजणी येत नसेल तर? सर्चने तिच्यासाठी एक साधन बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. दाई शिकलेली नाही म्हणून तिला वगळण्यापेक्षा तिला जमेल अशी मोजणी शोधायची, असा हा विचार होता.

नवजात बाळांच्या कामात हीच शिस्त आणखी कडक झाली. ३९ गावांत प्रयोग आणि ४७ गावं तुलनेसाठी. आधी फक्त निरीक्षण: घरी जन्मलेल्या ७६३ बाळांची नोंद झाली. त्यातली जवळजवळ निम्मी गंभीर दुखण्यांतून गेली, आणि डॉक्टरपर्यंत पोचलेली शंभरात तीनही भरली नाहीत. बाळ दवाखान्यात जात नसेल तर दवाखानाच बाळाकडे न्यायचा, हे त्यातून ठरलं. आरोग्यदूत म्हणून शिकवलेल्या गावातल्याच स्त्रिया घरी जाऊन वजन घेऊ लागल्या, ऊब देऊ लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं. सरकारने पुढे घरभेटी उचलल्या, इंजेक्शन मात्र आशांच्या हाती दिलं नाही.

लोकांना विचारायची ही पद्धत आजही थांबलेली नाही. गावांचे प्रतिनिधी आरोग्य संसदेत जमतात आणि कशावर काम हवं ते सांगतात. पाठदुखी हा शोधग्राममध्ये मोठा विषय झाला तो लोकांमुळेच. ज्याने कोणी मरत नाही त्या दुखण्याला राष्ट्रीय कार्यक्रम सहसा मिळत नाही, पण भाताच्या चिखलात दिवसभर वाकणाऱ्या बाईला त्याचा हिशेब विचारून पाहा.

आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातही अशी एक जागा आहे. पैठण तालुक्यातल्या पाचोडला डॉ. अशोक दयालचंद यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने मुलींच्या लवकर होणाऱ्या लग्नांवर काम केलं. ‘बालविवाह करू नका’ अशी भिंत रंगवणं सोपं होतं. त्यांनी आधी आई-बाप आणि मुलींशी बोलून वर्षभराचा जीवनकौशल्यांचा वर्ग आखला. शाळा सुटलेल्या मुली दिवसभर शेतात किंवा घरकामात असतात, म्हणून वर्ग संध्याकाळी. शिकवणाऱ्या बायका गावातल्याच, सातवीपर्यंत शिकलेल्या असल्या तरी चालतील अशा. १९९७ ते २००१ या काळात त्या गावांतलं मुलींच्या लग्नाचं मध्यक वय सोळावरून सतरावर गेलं. एकच वर्ष, असं कोणी म्हणेल. त्याने सोळाव्या वर्षी बाळंत झालेली मुलगी पाहिलेली नाही.

आता कंपन्यांच्या सामाजिक निधीमुळे गावात सर्वेक्षण करणारी माणसं फार वाढली आहेत. २०२१ च्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचा परिणाम बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेणं बंधनकारक केलं. तपासणी नंतरची. सुरू करण्याआधी गावाला विचारलं होतं का, याची तशी सक्ती नाही. त्यामुळे शिवणयंत्रं आधी येतात आणि शिवणाऱ्या बायका नंतर शोधल्या जातात.

पाचोडचा संध्याकाळचा वर्ग उचलून जसाच्या तसा खुलताबादला ठेवला तर चालेल का? इथे दर्ग्यांपाशी फुलं-चादरी विकणारी घरं आहेत, वेरूळच्या रस्त्यावर पेरू-सीताफळांच्या पाट्या मांडणाऱ्या बायका आहेत. भद्रा मारुतीला शनिवारी गर्दी उसळते. श्रावणात तर शुक्रवारी रात्रीपासूनच संभाजीनगरहून लोक पायी निघतात. त्या दिवशी प्रसादाच्या दुकानावरची पोरगी वर्गाला येणार नाही, आणि हे सांगायला संशोधकाची गरज नाही, चौकातला कुणीही चहावाला सांगेल. उरुसाच्या दिवसांत वर्ग भरवावा की बंद ठेवावा, हे मात्र त्या मुलींनाच विचारावं लागेल.