गठ्ठा सोडून वजाबाकी

पहिली-दुसरीच्या वर्गात काड्या आणि रबरबँड हवेतच. दहा काड्या मोजून बांधल्या की झाला एक दशक. उरलेल्या सुट्या काड्या म्हणजे एकक. गठ्ठे मुलांनीच बांधावेत, बाईंनी आयते देऊ नयेत.

खरी गंमत वजाबाकीत. ३२ मधून १५ काढायचे. सुट्या काड्या दोनच, हव्यात पाच. जरा वेळ थांबलं की कुणीतरी रबर ओढून एक गठ्ठा मोकळा करतंच. सुट्या झाल्या बारा. पाच दिल्या, सात राहिल्या. उरलेल्या दोन गठ्ठ्यांतला एक गेला. उत्तर १७. फळ्यावर दशक सुटा करताना नेमकं काय घडतं, ते इथे डोळ्यांसमोर दिसतं.

चिंचोकेही चालतात, फक्त दहा-दहाच्या कागदी पुड्या बांधाव्या लागतात. उभी मांडणी वहीत उतरवायची घाई मात्र करू नये.