पडद्यावरची नवी मांडणी आणि आपला जुना हात



घरात रोज रांधणाऱ्या माणसाला मिठाची बरणी कुठे आहे हे विचारावे लागत नाही. दिवा गेला तरी हात बरोबर तिथेच जातो. पण उद्या कोणी न विचारता फडताळाची सगळी मांडणी बदलून टाकली, तर? मीठ तेच, बरणीही तीच. पण आमटीला वेळ दुप्पट आणि जिवाला ताप वेगळाच. संगणकावर काम करणाऱ्यांना हा अनुभव अधूनमधून येतो. शाळेत निकालपत्रक करणाऱ्या बाई, ग्रामपंचायतीत दाखले काढणारा तरुण, दूध संस्थेचा हिशेब ठेवणारे सचिव हे सगळे रोजच्या सवयीने काम करीत असतात. एके दिवशी संगणकाचे ‘अपडेट’ होते, आणि पाहावे तर डाव्या कोपऱ्यातले बटण मधे गेलेले, ओळखीची नावे गायब, त्यांच्या जागी नुसती चित्रे!

अशा वेळी मनात पहिला विचार येतो तो हा, की “मलाच जमत नाही.” पन्नाशीत, कष्टाने शिकलेला माणूस असा एकदा बिचकला, की पुन्हा माऊसला हात लावायला धजत नाही. खरे नुकसान ते हेच. म्हणून पहिली गोष्ट पक्की ध्यानात घ्या. तुम्ही काही विसरलेला नाही. बदलली आहे ती मांडणी. आणि ती पुष्कळ अंशी आपल्या सोयीची करून घेता येते.

आता हे घडते कसे ते पाहू या. संगणक चालविणाऱ्या मूळ व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही त्यातली आपल्याकडे फार वापरली जाणारी. तिचे ढोबळ मानाने दोन भाग समजा. आतला भाग म्हणजे इंजिन. फायली सांभाळणे, छपाईयंत्राशी बोलणे, प्रोग्रॅम चालविणे हे त्याचे काम. बाहेरचा भाग म्हणजे डॅशबोर्ड आणि सुकाणू. खालची पट्टी, म्हणजे टास्कबार, स्टार्ट बटण, चित्रे, याद्या हे सगळे त्यात आले. नव्या आवृत्तीत या बाहेरच्या भागाचे रूप पालटते, तेव्हा आपल्याला वाटते सगळेच पालटले. प्रत्यक्षात तुमच्या फायली जिथे ठेवल्या होत्या तिथेच असतात.

हे आजचेच आहे असेही नाही. विंडोजमध्ये स्टार्ट बटण प्रथम आले ते १९९५ साली. सतरा वर्षे लोकांचा हात त्याच कोपऱ्याकडे जात राहिला. मग ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ निघाले आणि त्यात ते बटणच काढून टाकले होते! पडदाभर मोठमोठे रंगीत चौकोन आले. संगणक बंद करायचा तर पडद्याच्या उजव्या कडेला लपलेली पट्टी आधी शोधून काढावी लागे. त्या सुमारास बोटाने चालणारे टॅब्लेट बाजारात जोरात होते, आणि एकच मांडणी बोटालाही चालावी, माऊसलाही चालावी, असा कंपनीचा विचार होता. पण टेबलावर माऊस घेऊन बसणाऱ्याचे त्यात हाल झाले. लोकांनी तक्रारी केल्या आणि कंपनीला ऐकावे लागले. २०१३ मध्ये विंडोज ८.१ मध्ये बटण परत आले, आणि २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये स्टार्टची यादीही परत आली. तेव्हा नवी मांडणी नावडणे हा काही अडाणीपणा नव्हे. कधी कधी चूक करणाऱ्याचीच असते.

सध्या अनेकांपुढे प्रश्न आहे तो विंडोज ११ चा. ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून आता पुष्कळ कचेऱ्या आणि शाळा नव्या आवृत्तीकडे वळल्या आहेत. तर तिथे काय करता येईल ते एकेक करून सांगतो.

पहिले काम, स्टार्ट बटण डावीकडे आणणे. खालच्या पट्टीवर रिकाम्या जागी माऊसची उजवी कळ दाबा. ‘टास्कबार सेटिंग्ज’ निवडा. उघडलेल्या पानावर खाली ‘टास्कबार बिहेवियर्स’ आहे, त्यात ‘टास्कबार अलाइनमेंट’ सापडेल. तिथे ‘सेंटर’ऐवजी ‘लेफ्ट’ करा. झाले! बटण जुन्या कोपऱ्यात येऊन बसेल. त्याच पानावर वरच्या बाजूला शोधपट्टी, विजेट्स वगैरेंची बटणे आहेत. नको असलेले बंद करा. पट्टी मोकळी होईल.

दुसरे, नावे परत आणणे. खालच्या पट्टीवर नुसती चित्रे दिसून कोणती फाईल कुठली हे कळत नसेल, तर त्याच ‘टास्कबार बिहेवियर्स’मध्ये बटणे एकत्र करण्याविषयीची ओळ पाहा आणि तिथे ‘नेव्हर’ निवडा. सुरुवातीला ही सोय नव्हती. लोकांच्या मागणीवरून ती २०२३ मध्ये दिली गेली.

तिसरे, उजव्या कळीची यादी. विंडोज ११ मध्ये ही यादी आखूड केली आहे. जुनी पूर्ण यादी हवी असेल तर ‘शो मोअर ऑप्शन्स’ दाबा. किंवा शिफ्टची कळ दाबून धरूनच माऊसची उजवी कळ दाबा, म्हणजे एकदम जुनीच यादी उघडेल.

चौथे, डोळ्यांसाठी. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि त्यात ‘टेक्स्ट साइझ’ आहे. तिथली खूण उजवीकडे सरकवली की अक्षरे मोठी होतात. चाळिशी लागलेल्यांनी हे आधी करून घ्यावे; निम्मी चिडचिड तिथेच संपते.

आणि पाचवे, कळफलकाचे जुने रस्ते. मांडणी कितीही फिरली तरी कंट्रोल आणि सी म्हणजे नक्कल, कंट्रोल आणि एक्स म्हणजे कापणे, कंट्रोल आणि व्ही म्हणजे चिकटविणे, हे वर्षानुवर्षे तसेच आहे. विंडोजची कळ आणि ई दाबले की फायलींचे कपाट उघडते. विंडोजची कळ आणि डी दाबले की सगळे बाजूला होऊन डेस्कटॉप दिसतो. बोटांना एवढे पाठ झाले, की बटण कुठेही गेले तरी काम अडत नाही.

आता कोणी म्हणेल, “एवढ्याने भागत नाही, मला स्टार्टची यादीही जुन्या वळणाची हवी.” त्यासाठी बाहेरचे प्रोग्रॅम मिळतात. ‘ओपन-शेल’ हा त्यातला मोफत आणि खुल्या संहितेचा. याचा पूर्वज ‘क्लासिक शेल’. त्याच्या कर्त्याने २०१७ च्या अखेरीस काम थांबविले, तेव्हा संहिता खुली असल्यामुळे इतरांनी ते पुढे नेले. मात्र असे प्रोग्रॅम मूळ ठिकाणाहूनच घ्यावेत. कोणी पेनड्राइव्हवर आणून दिले म्हणून घालू नयेत. मोठे अपडेट झाले की ते कधी बंदही पडतात. म्हणून आधी ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा, म्हणजे बिघडलेच तर मागे येता येते.

आणखी एक वाट आहे. पुष्कळ शाळांत संगणक जुने आहेत. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. तो नसेल तर यंत्र भंगारात काढायचे काय? तशी घाई नको. लिनक्स ही मोफत व्यवस्था अशा यंत्रांवर बहुधा चांगली चालते. गंमत म्हणजे मांडणीचे भांडण तिथेही झाले आहे. २०११ च्या एप्रिलमध्ये ‘ग्नोम ३’ने आपले जुने रूप टाकून दिले. ते न आवडलेल्या अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने जुनी संहिता उचलून तिच्यावर काम सुरू केले. तिकडच्या आवडत्या पेयावरून त्याचे नाव पडले ‘माते’. लिनक्स मिंटच्या मंडळींनी ‘सिनॅमन’ ही मांडणी काढली. दोहोंतही खालची पट्टी आणि डाव्या कोपऱ्यातली यादी आहे. मराठी टंकलेखनाचा इनस्क्रिप्ट कळफलकही लिनक्समध्ये मिळतो. पण बदलण्याआधी फायलींची दुसरी प्रत काढून ठेवा, आणि कचेरीचे लागणारे प्रोग्रॅम व जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट तिथे चालतात का ते पाहा. पेनड्राइव्हवरून, काही न बदलता, ही व्यवस्था चालवून बघता येते.

एक गोष्ट मात्र करू नका. मांडणी बदलेल या धास्तीने अपडेट कायमचे बंद ठेवू नका. अपडेटमधून नवे रूप येते तशाच सुरक्षेच्या दुरुस्त्याही येतात. दरवाजाचा रंग आवडला नाही म्हणून कोणी कडी काढून ठेवत नाही! ज्या यंत्रावर गावाचे दाखले, मुलांचे गुण आणि संस्थेचे पैसे आहेत, तिथे तर मुळीच नाही.

शिक्षक मित्रांना शेवटी दोन शब्द. हे बदल बहुतेक ज्याच्या-त्याच्या खात्यापुरते असतात. म्हणून शाळेच्या संगणकावर शिक्षकांचे आणि मुलांचे खाते वेगळे ठेवा. एकाने मांडलेले दुसऱ्याचे मोडणार नाही. मुलांना शिकवताना “डाव्या कोपऱ्यातले बटण दाबा” एवढेच सांगू नका; ते बटण कशासाठी आहे तेही सांगा. जागा पाठ केलेला मुलगा मांडणी बदलली की अडतो. काम समजलेला मुलगा शोधून काढतो. आणि आपण केलेले बदल एका कागदावर क्रमाने लिहून संगणकाशेजारी भिंतीला लावा. पुढचे अपडेट येईल तेव्हा तोच कागद पाहून, न घाबरता, दहा मिनिटांत आपली बरणी पुन्हा आपल्या जागी ठेवता येईल.