गोठ्यातले आजार, भाग ६ : गाभ पडतो तेव्हा

श्रावण-भाद्रपदात नेरळच्या गोठ्यांत ऊन शिरत नाही. माथेरानच्या कड्याला ढग अडकलेले, भिंतींना ओल, जनावरांच्या खुरांखाली शेणाचा आणि मुताचा चिखल. नेमक्या याच दिवसांत पुष्कळ म्हशी सातव्या-आठव्या महिन्यात असतात, कारण आपल्याकडच्या बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत वितात. म्हणून गाभडण्याची गोष्ट या हंगामापासूनच सांगायला हवी.

म्हैस गाभडली की घरात पहिले बोलणे निघते ते नजर लागल्याचे, पाय घसरल्याचे, नाहीतर शेजारणीने शिंग मारल्याचे. मार लागून गाभ जातो, हे खरेच. पण एका गोठ्यात महिन्याभरात दोन जनावरे गाभडली, तर शिंगाला दोष देणे थांबवावे. मग संशय संसर्गाचा धरायचा, आणि त्यात पहिला ब्रुसेल्लाचा.

माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्ये एक जंतू सापडला. दहा वर्षांनी डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांनी गाभडलेल्या गाईंमधून एक जंतू वेगळा केला. हे दोन्ही ब्रुसेल्ला या एकाच कुळातले आहेत, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. ब्रुसेल्ला गाभण जनावराच्या वारेत प्रचंड वाढतो आणि साधारण पाचव्या महिन्यानंतर गाभ पडतो. बहुतेक वेळा वारही अडकते. पडलेले वासरू, वार, गर्भजल आणि पुढे काही आठवडे येणारा स्राव या सगळ्यांत तो खच्चून भरलेला असतो. दुसरे जनावर ती जागा हुंगते, चाटते, तिथली वैरण खाते, आणि रोग तोंडावाटे पोटात जातो.

उघड्या उन्हात हा जंतू काही तासांत मरतो. ओलीत आणि सावलीत मात्र महिनोन्‌महिने तग धरतो. माघात पडलेला गाभ आणि भाद्रपदात पडलेला गाभ यांत एवढे अंतर आहे, आणि कोकणातल्या गोठेवाल्याने ते मनात पक्के धरावे, असे मला कळकळीने वाटते.

मग त्या पडलेल्या वासराचे आपण करतो काय? उकिरड्यावर टाकतो, ओढ्यात सोडतो. कुत्री ते अर्ध्या गावात ओढत नेतात. वार वडाच्या झाडाला टांगायची रीत अनेक गावांत आहे. वडाला चीक येतो तसे जनावराला दूध यावे, ही त्यामागची माया मला समजते. पण गाभडलेल्या जनावराची वार टांगू नये. ती आणि वासरू खोल खड्ड्यात, वरून चुना टाकून, कुत्र्याला उकरता येणार नाही असे पुरावे. जागेवर ब्लीचिंग पावडर टाकावी. उघड्या हाताने काहीही उचलू नये. गोठ्याची झाडलोट बहुतेक घरांत बाया करतात, म्हणून हे त्यांना आधी सांगायला हवे. घरातल्या गरोदर बाईने तर तिकडे फिरकूही नये. माणसाला हा रोग जडला की ताप येतो-जातो, घाम सुटतो, सांधे आणि कंबर महिनोन्‌महिने ठणकतात. मलेरिया समजून औषधे घेतली जातात आणि खरा आजार मागे राहतो. धारोष्ण दूध पौष्टिक मानून पोरांना पाजण्याची सवयही सोडायला हवी. नीट उकळलेल्या दुधात हा जंतू टिकत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट पुढच्या वर्षी घडते. एकदा गाभडलेली गाय पुढच्या खेपेला बहुधा पुरे दिवस भरून विते. घरचे म्हणतात, बरी झाली. बरी झालेली नसते. ती विताना आणि दुधातून जंतू टाकतच राहते. अशी गाय बाजारात विकली, तर दुसऱ्याच्या गोठ्यात रोग चालत जातो. म्हसा गावच्या यात्रेतून जनावर घेताना दात आणि कास जशी पाहता, तशी रक्ताची तपासणीही मागा.

यावरची लस जुनी आणि खात्रीची आहे. मादी वासराला चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. नराला नाही, गाभणीला नाही. लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्यानेही हातमोजे आणि चष्मा घालायचा. केंद्र सरकारच्या २०१९ पासूनच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती फुकट टोचली जाते. कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असलेल्या वासराची नोंदही राहते. वयाचे हे चार-पाच महिने हातचे जाऊ देऊ नका.

प्रत्येक गाभ ब्रुसेल्लामुळे पडतो असे मात्र नाही. लेप्टोस्पायरा उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो. भातखाचरांच्या मुलखात त्याला जागा कमी नाही. त्यात जनावर आजारी पडून काही आठवड्यांनी गाभ पडतो, तोवर तो ताप सगळे विसरलेले असतात. परतीच्या पावसात भिजलेला भात झोडून त्याचाच पेंढा उडवीत रचला, की आत काळी-हिरवी बुरशी धरते. तीही गाभ पाडते. अशा वेळी वार जाड, चामड्यासारखी दिसते आणि वासराच्या कातडीवर कधी गजकर्णासारखे चट्टे असतात. तसा पेंढा गाभणीला घालू नका. ट्रायकोमोनास आणि व्हिब्रिओ हे वळूवाटे येतात आणि गाभ इतक्या लवकर घालवतात की मालकाला वाटते गाय नुसती उलटते आहे. त्यांच्याविषयी गेल्या भागात लिहिलेच आहे. कृत्रिम रेतनाने ते आटोक्यात येतात.

नेमके कारण डोळ्यांनी ओळखता येत नाही. चांगल्या प्रयोगशाळांतसुद्धा निम्म्याहून अधिक वेळा ते सापडत नाही, आणि नमुना उशिरा किंवा सडून गेला तर मुळीच नाही. म्हणून पुरण्याआधी दवाखान्यात किंवा १९६२ वर फोन करा. डॉक्टर वारेचा तुकडा, वासराच्या पोटातले द्रव आणि गाईचे रक्त बर्फात घालून प्रयोगशाळेकडे पाठवतील. राज्याचा रोग अन्वेषण विभाग पुण्याला औंधमध्ये आहे. दोन-तीन आठवड्यांनी ते रक्ताचा दुसरा नमुना मागतील. तोही द्या, कारण रोग नवा की जुना हे दोन नमुने शेजारी ठेवल्यावर कळते. तोवर गाभडलेले जनावर वेगळे बांधा. त्याचे पाणी वेगळे, घमेले वेगळे, आणि धार सगळ्यांत शेवटी काढा.

अडकलेली वार हाताने ओढून काढावी की नाही, यावरून गावोगाव वाद आहेत. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.