‘मार्तंडवर्मा’ : कादंबरी, मूकपट आणि स्वामित्वहक्क

कादंबरीचा मूकपट करणे म्हणजे शब्दांनी उभारलेले विश्व निःशब्द चित्रांत उतरविणे होय. या क्रियेत मूळ कृतीतून नेमके काय घेतले जाते आणि जे घेतले जाते ते कोणाचे, हे दोन प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतात. ‘मार्तंडवर्मा’ (१९३३) या मलयाळम मूकपटाचा इतिहास त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

सी. व्ही. रामन पिळ्ळै यांची याच नावाची ऐतिहासिक कादंबरी १८९१ मध्ये प्रसिद्ध झाली. मातृवंशीय प्रथेनुसार राजपद भाच्याकडे जात असल्यामुळे डावलले गेलेले राजपुत्र सरदारांच्या साहाय्याने युवराज मार्तंडवर्म्याविरुद्ध कट रचतात, हे तिचे कथासूत्र. आर. सुंदरराज यांनी पी. व्ही. राव यांच्या दिग्दर्शनाखाली तिचा मूकपट काढला. तथापि तो त्रिवेंद्रम येथे प्रदर्शित होताच कादंबरीचे प्रकाशक कमलालय बुक डेपो यांनी स्वामित्वहक्काचा भंग झाल्याची तक्रार न्यायालयात नेली व चित्रपट मागे घ्यावा लागला.

मार्तंडवर्मा हा इतिहासातील पुरुष. इतिहास कोणाच्याही मालकीचा नसतो, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतःच ग्राह्य आहे. अठराव्या शतकातील सत्तासंघर्षावर चित्रपट काढण्यास कोणालाही प्रत्यवाय नव्हता. परंतु सुभद्रा व पारुकुट्टी यांच्या कथा आणि प्रसंगांची गुंफण ही कादंबरीकाराची निर्मिती होय. शिवाय मूकपट सर्वस्वी निःशब्द नसतो. या चित्रपटाच्या इंग्रजी व मलयाळम शीर्षकपट्ट्यांपैकी काहींचा मजकूर कादंबरीतूनच घेतलेला आहे. म्हणजे कल्पनेबरोबर अभिव्यक्तीही उचलली गेली.

या वादाचा परिणाम मात्र विलक्षण झाला. चित्रपटाची प्रत प्रकाशकांकडे राहिली आणि १९७४ मध्ये ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास मिळाली. जे. सी. डॅनिएल यांचा ‘विगतकुमारन्’ हा पहिला मलयाळम मूकपट आज उपलब्ध नाही. प्रेक्षकांपासून दुरावलेला ‘मार्तंडवर्मा’ मात्र टिकला.

यातून अभ्यासकांनी एक सावधगिरी शिकावी. भारतीय मूकपटांपैकी जे थोडे उरले, ते सर्व गुणांमुळे वा लोकप्रियतेमुळे उरलेले नाहीत. म्हणून उपलब्ध चित्रपटांवरून त्या काळच्या अभिरुचीचे अनुमान काढण्यापूर्वी, प्रत्येक प्रत कोणत्या कारणाने टिकली, हे तपासणे अगत्याचे ठरते.