विश्लेषण : स्प्रे मारूनही स्वयंपाकघरातल्या मुंग्या परत का येतात?

पाऊस सुरू झाला की वाशी, नेरुळपासून खारघरपर्यंत अनेक घरांत ओट्यावर मुंग्यांची रांग दिसू लागते. स्प्रे मारला किंवा खडूची रेघ ओढली की रांग गायब होते. चार दिवसांनी ती फ्रिजच्या मागून नाहीतर स्विचबोर्डमधून पुन्हा सुरू होते. स्प्रे भेसळीचा निघाला, असे अनेकांना वाटते. खरे तर स्प्रेने आपले काम चोख केलेले असते, पण ते चुकीच्या मुंग्यांवर.

ओट्यावर दिसतात त्या मुंग्या कोण?

या अन्न शोधायला बाहेर पडलेल्या कामकरी मुंग्या. संपूर्ण वसाहतीचा हा लहानसा हिस्सा असतो. अंडी घालणारी राणी, अळ्या आणि बाकीच्या कामकरी भिंतीच्या भेगेत, टाइल्सखाली, खिडकीच्या चौकटीत किंवा वायरिंगच्या पाइपमध्ये असतात. रांगेतल्या शंभर मारल्या तरी आत राणीचे काम थांबत नाही.

रांग चालते ती वासावर. अन्न सापडलेली मुंगी परतताना वाटेवर फेरोमोन नावाचे गंधद्रव्य सोडत जाते आणि बाकीच्या तो माग धरतात. म्हणून कोरडे फडके फिरवून उपयोग नसतो. साबणाच्या पाण्याने किंवा व्हिनेगरने पुसले तर माग मोडतो. पावसाळ्यात जमिनीतल्या घरट्यांत पाणी शिरते, तेव्हा बाहेरच्या मुंग्याही घराकडे वळतात. काही जाती मात्र बारा महिने घरातच मुक्काम ठोकून असतात. त्रास असतो तो त्यांचाच.

स्प्रेमुळे मुंग्या वाढू शकतात का?

हो, पण ते जातीवर अवलंबून आहे. फिकट पिवळसर, जेमतेम २ मिलिमीटर लांबीची फॅरो मुंगी जगभरातल्या इमारतींत आढळते. लिनियसने १७५८ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. धोका जाणवला की काही राण्या आणि कामकरी अळ्या उचलून दुसरीकडे संसार थाटतात. म्हणजे फवारणीपूर्वी एक घरटे होते, ते नंतर तीन होऊ शकते. काळपट डोक्याच्या आणि जवळजवळ पारदर्शक पोटाच्या ‘घोस्ट’ मुंगीचीही हीच तऱ्हा.

सोसायट्यांत गुंता आणखी वाढतो. डक्ट, पाइप आणि भिंती सामाईक असल्याने ४०२ मध्ये फवारणी झाली की मुंग्या ५०२ मध्ये हजर होऊ शकतात, आणि जिन्यात भेटल्यावर दोन्ही घरे एकमेकांच्या स्वच्छतेवर संशय घेतात! अशा वेळी वरच्या-खालच्या आणि शेजारच्या घरांनी एकाच वेळी उपाय करणे स्वस्त पडते. मोठ्या काळ्या मुंगळ्यांचे प्रकरण तुलनेने सोपे. त्यांचे घरटे बहुधा बाहेर, झाडाच्या बुंध्याशी असते. ते कुठून आत येतात ते पाहून भेग बुजवली की बहुतेक वेळा भागते.

मग नेमके करायचे काय?

मुंगीला मारण्याची घाई करायची नाही, हाच यातला मुख्य मुद्दा. पोटात साठवलेला द्रव पदार्थ मुंग्या एकमेकींना तोंडातून भरवतात. प्रौढ मुंगी घन अन्न गिळू शकत नाही, तिचा भर द्रवावर असतो. त्यामुळे गोड पाण्यात हळू काम करणारे विष असेल तर कामकरी मुंग्याच ते राणीपर्यंत पोहोचवतात.

बोरिक ॲसिड यासाठी उपयोगी ठरते. कॅरम बोर्डवर टाकतात ती बोरिक पावडर हीच. मात्र कॅरमची म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर बोरिक नसते, तेव्हा पाकिटावर नाव वाचून घ्यावे. प्रमाण असे : १०० मिली कोमट पाणी, १० ग्रॅम साखर म्हणजे साधारण दोन-अडीच चहाचे चमचे, आणि १ ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे पाव चमच्याच्या आसपास. ‘थोडी जास्त घातली तर लवकर मरतील’ हा हिशेब इथे उलटा पडतो. विष कडक झाले तर मुंगी वाटेतच मरते किंवा त्याला तोंडच लावत नाही.

या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा बाटलीच्या झाकणात ठेवून तो रांगेजवळ सरकवावा. पहिले एक-दोन दिवस तिथे मुंग्यांची गर्दी होईल. बघवत नाही, पण तीच हवी असते. तेव्हा स्प्रे मारू नये, रांग पुसू नये. बोळा दोन-तीन दिवसांनी बदलावा. फरक पडायला एक आठवडा लागतो, मोठ्या वसाहतीला अनेक आठवडे. गोडाला मुंग्या येत नसतील तर त्यांना तेलकट किंवा प्रथिनयुक्त अन्न हवे असते. चिमूटभर शेंगदाण्याचे कूट ठेवून ते तपासता येते. बाजारातली तयार जेलही याच तत्त्वावर चालतात.

हळद, खडू आणि ‘गॅमेक्सिन’चे काय?

हळदीची रेघ मुंग्या काही काळ टाळतात, मग दुसरी वाट शोधतात. साखरेचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवण्याची आजीची युक्ती मात्र पक्की. पाण्यात साबणाचा थेंब टाकला तर पृष्ठताण मोडतो आणि मुंग्यांना वरून चालत जाता येत नाही.

मुंग्यांच्या खडूत सहसा पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक असते. तो दिसतो शाळेतल्या खडूसारखा, आणि धोका तिथेच आहे. रांगते मूल किंवा मांजर असलेल्या घरात तो नकोच. किराणा दुकानात आजही ‘गॅमेक्सिन द्या’ म्हणणारे भेटतात. त्या पावडरीतल्या लिंडेनच्या वापरावर भारतात २०१३ पासून बंदी आहे. स्टेशनबाहेरची बिननावाची पुडीही घेऊ नये. कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार पाकिटावर नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण लागतो. लाल सर्वाधिक घातक, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

बोरिक पावडर निर्धोक आहे का?

नाही. गोड पाण्यात मिसळल्यावर तर ती मुलांनाही गोडच लागणार. झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डबीत बोळा ठेवून डबी फ्रिजमागे किंवा मुलांचा हात पोहोचणार नाही तिथे ठेवावी. उरलेल्या पाण्याच्या बाटलीवर ‘विष’ असे लिहावे आणि ती पिण्याच्या पाण्याजवळ ठेवू नये. मुलाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी बळजबरीने उलटी करवू नये. पाकीट सोबत घेऊन रुग्णालय गाठावे किंवा १०८ वर फोन करावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.