सिकलसेलचा रुग्ण भरती झाल्यानंतरचे तीन दिवस

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलेली माणसे परत येतात. दिवाळीच्या आधी गुरुकुंज मोझरीत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीची गर्दी होते. पाठोपाठ कापूस वेचणी जोरात सुरू होते. पहाटेचा गारवा, दुपारचे ऊन, पाणी न पिता केलेले काम, रात्रीचा प्रवास. सिकलसेलच्या रुग्णाचे दुखणे उठायला एवढे पुरते. मोझरी-तिवसा पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये फिरताना या दिवसांत "कंबर फुटून राहिली, पाय उचलत नाही" असे सांगणारे एखादे तरी घर आम्हाला हमखास भेटते.

दुखणे वाढले की घरचे लोक रुग्णाला दवाखान्यात नेतात. भरती होते, सलाईन लागते आणि घरचे म्हणतात, "चला, आता काळजी नाही." आज आम्हाला नेमके याच वाक्याबद्दल बोलायचे आहे. सिकलसेलमध्ये काही जीवघेण्या गुंतागुंती रुग्ण भरती झाल्यानंतर, खाटेवर पडलेला असताना सुरू होतात. त्या ओळखण्यात जवळ बसलेल्या माणसाचा वाटा मोठा असतो.

आधी थोडक्यात आजार

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात. सिकलसेलमध्ये पेशीतला ऑक्सिजन कमी झाला की ती इळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, म्हणून हाडे असह्य दुखतात. आई आणि बाप दोघांकडून हा दोष आला तर मूल रुग्ण (एसएस) होते. एकाकडूनच आला तर ते वाहक (एएस) असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

विदर्भात हा आजार नवा नाही. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लिहिले होते. आपल्या बौद्ध समाजात, आदिवासींमध्ये आणि काही ओबीसी समाजांमध्येही तो आढळतो. हजारो वर्षे जिथे हिवताप जास्त होता तिथे हा दोष टिकून राहिला, कारण वाहकाला हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणजे कारण निसर्गात आहे, गतजन्मीच्या पापात नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मागच्या जन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली आहे. ज्या घरात आजारी लेकराला आजही "कर्माचे भोग" ऐकवले जातात, त्या घराने हे लक्षात ठेवावे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीवर लक्ष

सिकलसेलच्या रुग्णांचे जीव घेणाऱ्या कारणांत छातीची गुंतागुंत अगदी वर आहे. डॉक्टर तिला 'ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम' म्हणतात. ताप, खोकला, छातीत दुखणे, धाप लागणे, ऑक्सिजन कमी होणे आणि एक्स-रेमध्ये फुप्फुसावर नवीन डाग दिसणे ही तिची लक्षणे. अमेरिकेतल्या ३० केंद्रांनी अशा ५३८ रुग्णांचा अभ्यास करून २००० साली तो प्रसिद्ध केला. त्यातले जवळपास निम्मे रुग्ण छातीच्या त्रासासाठी आलेच नव्हते. बहुतेक जण अंगदुखीसाठी भरती झाले होते आणि सरासरी अडीच दिवसांनी छाती बिघडली. १३ टक्के रुग्णांना व्हेंटिलेटर लागला. पण व्हेंटिलेटर लागलेल्यांपैकी ८१ टक्के बरे झाले. म्हणून व्हेंटिलेटरचे नाव काढताच "आता घरी घेऊन जाऊ" असे म्हणू नका.

छाती का बिघडते? बरगड्या दुखतात म्हणून रुग्ण अर्धा अर्धा श्वास घेतो. फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही. तिथे ऑक्सिजन कमी पडतो, पेशी वाकड्या होतात आणि रक्तवाहिन्या तुंबतात. कधी जंतुसंसर्ग होतो. कधी हाडाच्या आतला मगज मरतो आणि त्यातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाते.

इथे घरच्या माणसाच्या हातात एक साधे काम आहे. तीन रंगीत गोळ्यांचे, नळीतून श्वास ओढायचे प्लॅस्टिकचे यंत्र तुम्ही कोविडच्या काळात पाहिले असेल. त्याला स्पायरोमीटर म्हणतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात छाती किंवा पाठ दुखत असलेल्या सिकलसेलच्या मुलांना आणि तरुणांना जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास या यंत्रातून घ्यायला लावले. यंत्र वापरलेल्या १९ भरतींपैकी एकीत फुप्फुसाची गुंतागुंत झाली. न वापरलेल्या १९ पैकी आठ भरतींत झाली. अभ्यास लहान होता, पण उपाय स्वस्त आणि बिनधोक आहे. सिस्टरला विचारा, यंत्र मागा. ते नसेल तर रुग्णाला उठवून बसवा आणि डॉक्टरांना विचारून दर दोन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला लावा. दुखणे कमी असेल तरच खोल श्वास घेता येतो, म्हणून वेदनेचे औषध वेळेवर मिळाले पाहिजे. त्या औषधाने रुग्ण फारच गुंगला, श्वास मंदावला, तर तेही लगेच सांगा.

सलाईन आणि रक्त: जास्त म्हणजे चांगले नाही

"सिस्टर, अजून एक बाटली लावून द्या ना" हे वाक्य आम्ही वॉर्डात असंख्य वेळा ऐकले आहे. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद, असा समज आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडू नये हे खरे. पण गरजेपेक्षा जास्त सलाईन गेले तर फुप्फुसात पाणी साचू शकते आणि छातीचा त्रास वाढतो. किती बाटल्या, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

रक्ताचेही तसेच. एसएस रुग्णाचे हिमोग्लोबिन सात-आठ असणे ही बऱ्याचदा त्याची नेहमीची पातळी असते. केवळ आकडा कमी दिसतो म्हणून रक्त चढवायचे नसते. फार वर नेले तर रक्त दाट होऊन वाहिन्या तुंबतात. पण छाती बिघडली, झटका आला किंवा हिमोग्लोबिन अचानक पडले तर हेच रक्त जीव वाचवते. कधी रुग्णाचे रक्त काढून दुसरे देतात. याला रक्त बदलणे म्हणतात. ते नागपूर किंवा सेवाग्रामसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात होऊ शकते.

एक गुंतागुंत क्वचितच होते, पण ती माहीत असलीच पाहिजे. रक्त दिल्यावर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी, रुग्णाचे शरीर त्या रक्ताविरुद्ध उठते. लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे होतात, पुन्हा सगळे अंग दुखते आणि हिमोग्लोबिन रक्त देण्याआधीपेक्षाही खाली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला हे नेहमीचेच दुखणे वाटते आणि पुन्हा रक्त लावले जाते. अशा वेळी आणखी रक्ताने प्रकृती अधिकच बिघडू शकते. डॉक्टरांना योग्य शंका यावी म्हणून एकच गोष्ट सांगावी लागते: "मागच्या महिन्यात अमुक तारखेला रक्त दिले होते." रक्ताच्या पिशवीवरचा क्रमांक, तारीख आणि डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. ही कागदे पावसात भिजू देऊ नका.

ताबडतोब सिस्टरला बोलवा

* श्वास जोरात चालतो, नाकपुड्या फुगतात, ओठ निळसर दिसतात. बोटावरच्या ऑक्सिजनच्या यंत्राचा आकडा ९५ च्या खाली आला.
* तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, झटका आला. सिकलसेलमध्ये लहान मुलांनाही लकवा होतो.
* माणूस बरळतो, ओळखत नाही, खूप झोपाळू झाला. अंगावर बारीक लाल ठिपके आले. हाडातली चरबी मेंदूत आणि फुप्फुसात गेल्याचे हे लक्षण असू शकते. ते क्वचित दिसते, पण फार वेगाने वाढते.
* लघवी एकदम कमी झाली किंवा काळपट झाली.
* लहान मूल अचानक पांढरे पडले आणि पोटाची डावी बाजू फुगली. प्लीहेत (पाणथरीत) रक्त साचून मूल काही तासांत दगावू शकते. प्लीहा हाताने कशी तपासायची हे प्रत्येक आईने डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.
* १०१ च्या वर ताप. सिकलसेलमध्ये ताप अंगावर काढायचा नसतो.

"नाटकं करून राहिली"

सिकलसेलची वेदना बाहेरून दिसत नाही. जखम नाही, प्लास्टर नाही. म्हणून वॉर्डात कधी कधी "नाटकं करून राहिली, इंजेक्शनची सवय लागली" असे बोलले जाते. आम्ही स्वतः अशा वॉर्डात काम केले आहे आणि हे ऐकले आहे. असे ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी छातीत दुखले तरी सांगत नाही. इथेच धोका आहे.

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. तथागत आणि आनंद मिळून त्याला धुतात, उचलून अंथरुणावर ठेवतात. त्यानंतर तथागत चांगला रुग्ण आणि चांगला शुश्रूषक कसा असावा हे सांगतात. रुग्णाने आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, हे खरे खरे सांगावे. शुश्रूषकाने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये. नर्सिंगचे शिक्षण घेताना आम्हाला वेगळ्या शब्दांत हेच शिकवले गेले. रुग्णाने सांगावे आणि ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा. एवढे झाले तरी अनेक जीव वाचतील.

कॅज्युअल्टीत काय सांगायचे

रात्री बारा वाजता घाबरलेल्या माणसाला काही आठवत नाही. म्हणून एका कागदावर आधीच लिहून ठेवा:

१. नाव, वय, "सिकलसेल एसएस", रक्तगट.
२. नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते.
३. शेवटचे रक्त कधी आणि कुठे दिले. त्यानंतर त्रास झाला का.
४. चालू औषधे. कोणत्या औषधाची ॲलर्जी.
५. आधी छातीचा त्रास, लकवा किंवा आयसीयूत भरती झाली होती का.

या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. गाडी लागली तर १०८ ला फोन करा. तिवसा किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन सुरू करून मग अमरावतीच्या इर्विनला नेणे बरे. प्रकृती खालावत असेल तर "पुढे कुठे पाठवायचे, केव्हा पाठवायचे?" हे तिथे स्पष्ट विचारा. विचारणे हा तुमचा हक्क आहे.

वेळ येऊच नये म्हणून

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध रोज घेतले तर दुखण्याचे फेरे आणि छातीचा त्रास कमी होतो. १९९५ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत औषध घेणाऱ्या १५२ पैकी २५ जणांना छातीची गुंतागुंत झाली, तर औषध न मिळालेल्या १४७ पैकी ५१ जणांना झाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या मुलांना कमी मात्रेत हे औषध देऊन अभ्यास केला. त्यातही फायदा दिसला. औषध बरे वाटले म्हणून सोडू नका. रक्ताची तपासणी ठरल्या वेळी करा. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. लहान मुलांच्या लसी चुकवू नका. दीक्षाभूमी, चैत्यभूमी किंवा वेचणीला जाताना पाण्याची बाटली, गरम कपडे आणि औषधे सोबत ठेवा.

सरकारी रक्तपेढीतून सिकलसेलच्या रुग्णाला रक्त मोफत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणून प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. हे हक्क आपोआप मिळालेले नाहीत. नागपूरचे संपत रामटेके यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडियाच्या माध्यमातून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे लक्ष्य आहे. तपासणी जरूर करा, लग्नाआधी दोन्हीकडची कार्डे बघा. पण जे आज रुग्ण आहेत त्यांना कार्डासोबत ऑक्सिजन, औषध आणि ऐकून घेणारा दवाखानाही हवा. येत्या ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीपुढे तीन प्रश्न विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरियाचा साठा आहे का? बोटावरचे ऑक्सिजन मोजायचे यंत्र चालू आहे का? रात्री ऑक्सिजन मिळतो का? उत्तर लेखी मागा. विहारात रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा आणि वरचा पाच ओळींचा कागद प्रत्येक सिकलसेलच्या घरी भरून घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा कागद शिकलेल्या पोरांनी भरून द्यावा.

जय भीम!