ओंडका जाळू नका, काठाला रोवा!

पावसाळा सरला की ओढ्यात अडकलेल्या ओंडक्याचं आपण काय करतो? सरपण! पण हाच ओंडका शेताचा काठ धरून ठेवू शकतो.

दौंड तालुक्यातलं कासुर्डी घ्या. दक्षिणेला भुलेश्वरचे डोंगर, उत्तरेला मुळा-मुठा. डोंगराकडून येणारे ओढे एरवी कोरडे, पण जोराचा पाऊस झाला की दुथडी भरून वाहतात. नदीचं गणित वेगळं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की पाणी चढतं, कमी केला की भराभर उतरतं. खरा घोळ उतरतानाच होतो. भिजून जड झालेल्या काठाचा पाण्याचा आधार जातो आणि माती ढासळते. वळणावर तर बाहेरच्या बाजूचा पायथाच पाणी पोखरतं. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच, जमीन मात्र वाहून गेलेली!

यावर नेहमीचा उपाय म्हणजे दगडी पिचिंग किंवा काँक्रीटची भिंत. एकट्या शेतकऱ्याला हा खर्च झेपत नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन, ओरेगन राज्यांत एकेकाळी सॅमन माशांना अडथळा नको म्हणून ओढ्यांतली लाकडं उपसून काढली. झालं उलटंच! प्रवाह मोकाट सुटला, माशांचे डोह गेले. आता तिथेच मोठी खोडं मुद्दाम बसवली जातात.

पद्धत साधी आहे. मुळांसकट खोड घ्यायचं, बुंध्याकडचा मुळांचा गड्डा प्रवाहाच्या तोंडाला ठेवायचा आणि खोडाचा मोठा भाग काठात खोल गाडायचा. वर मोठे दगड, बाजूला खुंट. मुळांवर आपटून पाण्याचा जोर मोडतो, मागे गाळ साचतो.

पण लाकूड तरंगतं, हे विसरायचं नाही. नीट न रोवलेला ओंडका पुरात सुटला, तर थेट कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या गाळ्यांत जाऊन अडकणार. तिथे आधीच जलपर्णी असते. मग पाणी बाजूने वाट काढतं आणि बंधाऱ्याचा भराव तोडतं. म्हणजे एकाचा काठ वाचवताना दुसऱ्याचं शेत जायचं! म्हणून पूल किंवा बंधारा जवळ असेल, तर हा प्रयोग नकोच.

सुरुवात नदीवर नाही, छोट्या ओढ्यावर करावी. तीही पाटबंधारे खात्याला आणि ग्रामपंचायतीला विचारून, जाणकार अभियंत्याला जागा दाखवून. त्यासाठी उभं झाड तोडायची गरज नाही, वादळात उन्मळलेली बाभूळ चालेल. लाकूड कधीतरी कुजणारच. तोवर मागच्या गाळात वाळा, निर्गुंडी, करंज लावायचे. वाळ्याची मुळं दोन-तीन मीटर खोल जातात. ओंडका संपेल तेव्हा काठ मुळांनी धरलेला असेल.

एनएसएसच्या शिबिरात दरवर्षी कुठे काम करायचं, हा प्रश्न असतोच. यंदा ओढ्याकाठी जाऊन बघायला काय हरकत आहे?